वाचक विचारतात : शाळकरी यूस्टुसचा साठीतला आवाज

प्रश्न : मी पुण्यात जर्मन शिकते. सरावासाठी 'दी द्राय फ्रागेत्साइखेन' ही यूस्टुस, पीटर आणि बॉब या तीन पोरसवदा गुप्तहेरांची श्रुतिकामालिका ऐकते. त्यातला यूस्टुस योनास शाळकरी आहे, पण त्याचा नट साठीत आहे म्हणे. हे खरं का?

खरं आहे. ओलिव्हर रोरबेक, जन्म १९६५, बर्लिन. मालिका १९७९ मध्ये 'ऑयरोपा' या लेबलने एलपी आणि कॅसेटवर आणली, तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. पीटर झालेले येन्स वाव्रचेक आणि बॉब झालेले आंद्रेआस फ्र्योलिश यांच्यासह हे त्रिकूट तेव्हापासून तेच आहे. दिग्दर्शिका हायकेडीने क्योर्टिंग. मूळ गोष्टी अमेरिकन. तिकडे मालिका केव्हाच थांबली, जर्मनीत मात्र नवे लेखक ती लिहीत राहिले आणि भागांनी दोनशेचा आकडा ओलांडला. २००६च्या सुमारास हक्कांच्या वादात काही भाग 'दी द्राय' या नावाने काढावे लागले. त्यात यूस्टुसचा 'ज्युपिटर' झाला होता, आवाज मात्र तोच.

वयाचं म्हणाल, तर साठीतला माणूस आवाज पिळून बारीक करू लागला की दोन मिनिटांत उघडा पडतो. तरुणपण पट्टीत कमी आणि लयीत जास्त असतं: समोरच्याचं वाक्य पुरतं संपायच्या आत उत्तर, वाक्याच्या शेवटी आवाज न पाडणं, आणि श्वास कुठे घेतला ते ऐकू न येणं. यूस्टुस लांबलचक, पुस्तकी वाक्यं बोलतो. त्यामुळे तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. दम मध्येच संपला की शहाणा मुलगा थकलेला प्राध्यापक वाटतो. पहिल्या वर्षातला एक भाग आणि अलीकडचा एक भाग लागोपाठ ऐका. आवाज जाड झालेला स्पष्ट कळतो, तरी माणूस तोच वाटतो.

प्रश्न : हेच रोरबेक सिनेमांचं डबिंगही करतात. श्रुतिका आणि डबिंग यांत नटाला काय वेगळं करावं लागतं?

जवळजवळ सगळंच. जर्मन पडद्यावर हॉलिवूडचा नट बेन स्टिलर बोलतो तो बहुतेक वेळा रोरबेक यांच्याच आवाजात, आणि 'डिस्पिकेबल मी'मधला ग्रूही त्यांचाच.

डबिंगमध्ये चित्रपटाचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात, त्यांना 'टेक' म्हणतात. आधी कच्चं, शब्दशः भाषांतर होतं. मग संवादलेखक ते ओठांवर बसवतो. प, ब, म या अक्षरांना ओठ मिटतात. क्लोजअपमध्ये तिथे ओठ मिटणारं अक्षर नसेल तर प्रेक्षकाला लगेच खटकतं. पाठमोऱ्या शॉटला कोणी विचारत नाही. दुसरी अडचण क्रियापदाची. जर्मन गौण वाक्यात ते शेवटी जातं, त्यामुळे नटाने मान झटकली त्या क्षणी महत्त्वाचा शब्द आलेलाच नसतो. अशा वेळी वाक्यच नव्याने लिहावं लागतं. नट बहुतेकदा एकटाच उभा असतो. समोर पडदा, हेडफोनमध्ये मूळ आवाज, सहनट कधी आधी येऊन गेलेला तर कधी उद्या येणारा. मानधनही येण्याची ठरावीक रक्कम अधिक दर टेकमागे पैसे असं मोजतात.

श्रुतिकेत चित्र नाही, म्हणजे ओठांचा जाच नाही, पण लपायला जागाही नाही. माइकपासून साधारण एक वीत अंतर, तोंड किंचित तिरकं. नाहीतर 'प'चा फटका बसतो. कुजबुजताना जवळ, ओरडताना एक पाऊल मागे. टेक वाया जातो तो बरेचदा अभिनयाने नाही, तर पान उलटल्याच्या सळसळीने, बाहीच्या कापडाने, किंवा कोरड्या तोंडाच्या टकटक आवाजाने. म्हणून पानं एका बाजूला छापलेली, सुटी, आणि वाचून झालं की हळूच सरकवायची.

प्रश्न : श्रुतिकेचा रंगमंचावर प्रयोग कसा होतो? बघायला काय असतं?

भरपूर असतं. नट संहिता हातात धरून माइकपुढे, आणि शेजारी आवाज करणारा कलाकार. दार, पावलं, काच सगळं प्रेक्षकांसमोर वाजतं. २००२ मध्ये या त्रिकुटाने पहिला मोठा दौरा केला. २०१४ मध्ये बर्लिनच्या वाल्डब्यूने या खुल्या नाट्यगृहात 'फोनोफोबिया' या त्यांच्या प्रयोगाला सुमारे २० हजार लोक जमले होते. तिथे स्टुडिओतली सवय अडचणीची ठरते: हशा ओसरेपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर पुढचं वाक्य गिळलं जातं. फार थांबलं तर रहस्याची हवा जाते. यात मुरलेला नटच तरतो.

प्रश्न : भाषा शिकायला कुठल्या भागापासून सुरुवात करू?

पहिल्या 'सुपर-पोपट' भागापासून तरी नको. त्यातले पोपट कोड्यात बोलतात, त्यात जर्मन माणूसही अडखळेल. साधा कुठलाही भाग घ्या आणि एकदम पूर्ण ऐकू नका. तीन मिनिटांचा तुकडा आधी नुसता ऐका, मग ऐकू आलं ते लिहून काढा, मग परत ऐका. शेवटी पीटरची वाक्यं त्याच्या वेगाने म्हणून बघा. पीटरची भाषा रोजची आहे. यूस्टुसच्या वाटेला बी-टू ही वरची पातळी झाल्यावर जा.