शेजारणींच्या संकेतांतून घडणारे इंद्रिय

प्रश्न : सी. एलेगन्स या सूत्रकृमीच्या सर्व पेशींत जनुके तीच असतात, असे वाचले. मग त्याचे योनिमुख पोटाच्या मध्यावरच आणि ठरावीक पेशींपासूनच कसे तयार होते? – एक वाचक

उत्तर : जनुके तीच असली, तरी त्यांपैकी कोणती कामाला लागतील हे बरेचदा पेशीला लाभलेल्या शेजारावर ठरते, आणि जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या या कृमीत ते फार स्वच्छ पाहता येते. उभयलिंगी अळीच्या पोटाकडील त्वचेत योनिमुख घडवण्यास समर्थ अशा सहा पेशी ओळीने असतात. त्यांच्या वर, वाढत्या जननग्रंथीत, ‘अँकर’ नावाची एक पेशी असते. तिने सोडलेले ‘लिन-३’ हे प्रथिन अगदी खालच्या पेशीला सर्वाधिक मिळते आणि तिच्या विभाजनातून ८ पेशी होतात. ती आपल्या दोन्ही शेजारणींना ‘लिन-१२’ या ग्राही (म्हणजे बाहेरचा संकेत टिपणाऱ्या) प्रथिनामार्फत निराळा संकेत देते. त्यांच्यापासून प्रत्येकी ७ होतात. अशा २२ पेशींचे योनिमुख बनते. उरलेल्या तिघी त्वचेतच मिसळून जातात. जीवशास्त्रज्ञ जुडिथ किंबल यांनी १९८१ मध्ये लेझरने ही अँकर पेशी नष्ट केली, तेव्हा योनिमुख तयारच झाले नाही.

अँकर पेशीचा हा संकेत त्वचेतील पेशीच्या आत ‘लेट-६०’ हे जनुक पुढे नेते. ते माणसातील रास जनुकांच्या कुळातले असून, माणसात त्यांतील बिघाड अनेक कर्करोगांत आढळतो. कृमीत ते अकारण चालू राहिले, तर पोटावर योनिमुखासारखे अनेक उंचवटे येतात. याउलट संकेतच पोचला नाही, तर वाट नसल्याने अंडी आतच उबतात, पिल्ले आईलाच आतून खातात आणि सूक्ष्मदर्शकाखाली वळवळत्या अळ्यांनी भरलेली नुसती कातडीची पिशवी दिसते. तरीही वंश चालतो, कारण उभयलिंगी कृमी स्वतःच स्वतःची अंडी फलित करतो. माझ्या मते, या इंद्रियाचा इतका सखोल अभ्यास होऊ शकला तो मुख्यतः या सोयीमुळे.

राहिला प्रश्न अँकर पेशीच्या निवडीचा. जननग्रंथीतील दोन समान पेशींपैकी कोणतीही ती होऊ शकते. दोघी लिन-१२ मार्फतच एकमेकींना रोखू पाहतात, सुरुवातीचा किंचित फरक वाढत जातो आणि मागे पडलेली पेशी गर्भाशयाच्या घडणीकडे वळते. निवड होण्यापूर्वी एकीला नष्ट केले, तर दुसरी हमखास अँकर होते. लिन-१२ पूर्ण निकामी असेल, तर दोघीही होतात.