अकरा गट आणि हातच्याची वजाबाकी

“सगळे काही ना काही नवीन करतायत, मीच मागे पडतेय. गट सोडावेत तर परिपत्रक चुकेल, ठेवावेत तर रात्री अकरापर्यंत मोबाइल खाली ठेवता येत नाही.” जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेतल्या एका बाईंची ही अडचण. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बरेच शिक्षक हेच वेगवेगळ्या शब्दांत सांगतात.

बाईंच्या व्हॉट्सॲपवर शाळेचे अकरा गट होते आणि मोबाइल पीडीएफनी भरलेला. “यातलं वर्गात काय वापरलंत?” यावर त्या गप्प. फाइल येते तेव्हा उद्याच्या तासाशी तिचा संबंध नसतो, आणि गरज पडते तेव्हा ती सापडत नाही.

आधी गोंगाट कमी केला. परिपत्रकं केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या समूहाच्या, गटावर येतात, म्हणून तेवढाच चालू. बाकीचे कायमचे म्यूट करून अर्काइव्हमध्ये, आणि सेटिंग्जमधून मीडिया ऑटो-डाउनलोड बंद. गट सोडावा लागत नाही, त्यामुळे रुसवेफुगवेही नाहीत.

खरी मेख प्रश्नात होती. बाईंनी पूर्वी गटावर विचारलं होतं, “तिसरीला हातच्याची वजाबाकी जमत नाही, उपाय सुचवा.” आल्या त्या स्वाध्यायपत्रिका आणि हात जोडलेले इमोजी. अशा प्रश्नाला दुसरं येणार तरी काय! मग प्रश्न पुन्हा लिहिला. इयत्ता, मुलांनी लिहिलेलं नेमकं उत्तर आणि आपण काय करून पाहिलं, एवढं त्यात हवंच: “तिसरी. 52 − 27 चं उत्तर सात मुलं 35 लिहितात. काड्या-गठ्ठ्यांनी (दहा काड्यांचा एक गठ्ठा) 25 बरोबर येतं, वहीत चुकतं.”

35 पाहिलं की अनुभवी शिक्षकाला चूक कळते. 2 मधून 7 जात नाहीत, म्हणून मुलं उलटे, 7 मधून 2 काढतात. एका सरांनी सुचवलं, “गठ्ठे आधी आणि वही नंतर, असं करू नका. गठ्ठा सुटला की लगेच वहीत 5 खोडून 4 आणि 2 च्या जागी 12 लिहायला लावा.” आठवडाभरात चार मुलांचं जमलं, तिघांचं नाही. बाईंनी गटावर दोन्ही कळवलं. न जमलेलं कळवणं महत्त्वाचं, कारण पुढची चर्चा त्यावरच झाली. त्या तिघांना 52 म्हणजे 4 दशक 12 एकक हेच मुळात पटत नव्हतं.

वहीचा फोटो टाकताना मुलाचं नाव झाकायचं. चेहरा पालकांच्या संमतीशिवाय अजिबात नको.

आता तिसरी शिकवणाऱ्या पाच जणींचा वेगळा गट आहे. आठवड्याला एकच चूक चर्चेला, फॉरवर्ड बंद. सजवलेल्या वर्गांचे फोटो पाहून बाई अजूनही खट्टू होतात. त्यावर बोलणं चालू आहे.