बर्च की मेपल? आधी फ्लोअर टॉम उलटा करा

खानापूरच्या मित्राने दोन गोष्टी विचारल्यात. घरात पॉपलरच्या लाकडाचा जुना ड्रमसेट आहे, त्याचा फ्लोअर टॉम, म्हणजे जमिनीवर पायांवर उभा राहणारा मोठा ड्रम, डबा बडवल्यासारखा वाजतो. सेट विकून बर्चच्या लाकडाचा घ्यावा की मेपलच्या? आणि सगळे ‘वॉर्म’, ‘पंची’ लिहितात, म्हणजे कानाला नेमकं काय ऐकू येतं?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, तो सुटला की पहिला निम्मा सुटतो. आवाजासाठी आपल्या भाषेत शब्दांना तोटा नाही. कुठलाही ड्रम मी तीन भागांत ऐकतो: काठी पडते तो ठोका, पोटातून येतो तो घुमारा आणि मागे रेंगाळते ती आस. बेळगावच्या शिवजयंती मिरवणुकीत ताशा ऐका, तो जवळजवळ सगळा ठोकाच. ढोलाचा घुमारा छातीत बसतो, पण आस थोडी. सौंदत्तीच्या वाटेवर चौंडकं ऐकलं असेल, तर तार ताणून सूर वर कसा सरकवतात ते माहीत असेलच. टॉममध्ये उलटं होतं, जोरात ठोका पडला की सूर आपसूक किंचित खाली घसरतो. ठोका, घुमारा, आस आणि सूर, या चारांसाठी कान तयार झाले की ‘वॉर्म’ म्हणजे मऊ ठोका आणि भरदार घुमारा, ‘पंची’ म्हणजे कडक ठोका आणि आखूड आस, एवढंच उरतं.

आता लाकूड. मेपलचा घुमारा गोल, आस लांब, आणि खर्ज ते टीप सगळं समतोल. बर्चमध्ये वरचा ठोका आणि खालचा खर्ज पुढे येतो, मधला भाग मागे राहतो, आवाज लवकर आवरतो. म्हणून माइकसमोर बर्च सोपा जातो. यामाहाचा ‘रेकॉर्डिंग कस्टम’ हा सेट बर्चचाच, आणि अमेरिकन ड्रमर स्टीव्ह गॅडने तो वर्षानुवर्षं वाजवला. पॉपलर हलकं आणि मऊ लाकूड; त्याचा आवाज या दोघांच्या आसपासच असतो, वाईट अजिबात नाही. स्वस्त सेट वाईट वाजतात ते बहुतेक वेळा त्यावर येणाऱ्या पातळ, हलक्या पानांमुळे, म्हणजे ड्रमच्या तोंडावर ताणलेल्या पडद्यांमुळे.

हे मी नुसतं ऐकून सांगत नाही. टिळकवाडीत एका मित्राच्या खोलीत आम्ही मेपलचा आणि बर्चचा 16 इंची फ्लोअर टॉम शेजारी ठेवला, दोन्हीवर नवी दुपदरी पानं, सूर एकच. एकाने वाजवायचं, बाकी चौघं भिंतीकडे तोंड करून. पहिल्या फेरीत चौघांनीही बरोबर ओळखलं: मेपल ‘दूऽऽम’ करून रेंगाळला, बर्च ‘धुम्’ करून थांबला. मग बर्चवर एकपदरी खडबडीत पान चढवून सूर थोडा उतरवला आणि मेपलवर महिनोन्महिने बडवलेलं, मधोमध खड्डा पडलेलं पान लावलं. तिघांनी बर्चलाच मेपल म्हटलं. त्या दिवसापासून किट विकायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी पानांचं विचारतो.

एकपदरी पान साधारण 10 मिलचं, म्हणजे पाव मिलिमीटर. मोकळं वाजतं, आस लांब. दुपदरी म्हणजे 7 मिलचे दोन थर. ठोका भरीव, आस कमी, टिकतंही जास्त. ऑर्केस्ट्राला आणि मांडवात दुपदरीच घ्या. हलगीसारखं शेकोटीवर तापवावं लागत नाही, कारण हे चामडं नाही, प्लास्टिक आहे. तुमच्याकडच्या पावसात पान सैल पडणार नाही, बोल्ट मात्र गंजतात. पावसाळ्याआधी काढून तेलाचं बोट फिरवा.

आणि खालचं पान! ते कुणी बदलतच नाही. तुमचा डब्यासारखा आवाज तिथूनच येतोय असं मला वाटतं. टॉम उलटा करून गादीवर ठेवा, म्हणजे दुसरं पान गप्प बसेल. प्रत्येक बोल्टपासून इंचभर आत काठीच्या टोकाने हलकं टिचवा. एखाद्या ठिकाणी सूर बसका लागेल, तिथे चावी थोडी फिरवा, मग समोरचा बोल्ट, असं समोरासमोर करत सगळीकडे एक सूर आणा. वरचं आणि खालचं पान एकाच सुरात असेल तर आस सगळ्यात लांब; आवाज आवरायचा असेल तर खालचं थोडं चढवा.

झांजांकडेही बघा, किटचा निम्मा आवाज त्यांचा. सेटबरोबर येणाऱ्या पितळी झांजा आणि 80 टक्के तांबं, 20 टक्के कथिल असलेल्या काशाच्या झांजा यांतला फरक भजनात बसणाऱ्याला वेगळा सांगायला नको. पितळी टाळ आणि काशाचा टाळ आठवा. किटवर खर्च करायचे पैसे माझ्या मते आधी इथे जावेत. स्नेअरची, म्हणजे खाली तारा लावलेल्या लहान ड्रमची, निवड त्यानंतर, स्टीलचा खणखणीत, लाकडी जरा कोरडा, एवढं लक्षात ठेवून.

म्हणून आत्ता विकू नका. टॉमना वर-खाली नवी पानं चढवा. चढवायच्या आधी रिकामं खोड, म्हणजे पानं काढलेला लाकडी नळा, जाड काचेवर उलटं ठेवा, खोलीतला दिवा मालवा आणि खोडाच्या आत टॉर्च सोडा. कडेखालून कुठेही उजेडाची रेघ दिसली नाही, तर कड सपाट आहे, टॉम चांगला वाजायला हरकत नाही. रेघ दिसली, तर कड वाकडी आहे, पान कितीही चांगलं लावलं तरी ते तिथे नीट टेकणार नाही. मग विकायचा विचार करा, आणि मांडवात माइकवर वाजवणार असाल तर बर्च घ्या.