संध्याकाळ झाली की लेकरू रडतंय, दूध कमी पडतंय का?

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी बाळंतपणासाठी माहेरी सेलूला आलेय, लेकरू दीड महिन्याचं आहे. दिवसभर चांगलं असतं, दूध पितं, आता हसायलंय पण. संध्याकाळी सहा वाजले की जे रडायला लागतं ते नऊ-दहापर्यंत थांबतच नाही, पाय पोटाशी घेतं, मुठी आवळतं, तोंड लालबुंद. आई म्हणती दृष्ट लागली, मीठ-मोहऱ्या उतरवून झाल्या. सासूबाई फोनवर म्हणायल्यात तुझं दूध पुरंना, वरचं सुरू कर. शेजारच्या काकू म्हणायल्यात वांगं खाल्लं म्हणून लेकराचं पोट दुखायलंय. त्यामुळं मला सध्या भाकरी अन् मुगाचं वरणच, पाणी पण मोजून. मेडिकलवाल्यानं पोटदुखीचे थेंब दिलेत, देऊ का?
— एक आई, सेलू (जि. परभणी)

उत्तर : ताई, थेंब देऊ नका, आधी बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा. डायसायक्लोमिन असं असेल तर ते सहा महिन्यांच्या आतल्या लेकराला द्यायचंच नसतं, श्वास अडकू शकतो. सिमेथिकोन असेल तर धोका तसा नाही, पण त्यानं रडणं कमी होतं असंही दिसलेलं नाही, औषध नसलेल्या साध्या थेंबांइतकाच फरक पडतो.

तुमच्या लेकराचं वर्णन वाचून हे कॉलिक वाटतंय, म्हणजे एरवी धडधाकट असलेल्या लेकराचं ठरावीक वेळेला न थांबणारं रडणं. 1954 मध्ये वेसेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी याचं एक माप सांगितलं, दिवसात तीन तासांपेक्षा जास्त, आठवड्यात तीन दिवसांपेक्षा जास्त, अन् असं तीन आठवडे (तीन आठवडे कोण वाट बघत बसतंय, आता ती अट कुणी धरत नाही). साधारण पाचातल्या एका लेकराला हे होतं, आईचं दूध पिणाऱ्याला पण अन् डब्याचं पिणाऱ्याला पण. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं म्हणजे तुम्ही आत्ता बरोबर शिखरावर आहात, अन् तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. नेमकं कारण अजून पक्कं सापडलेलं नाही, आतडी अजून तयार होत असतात, रडताना हवा गिळली जाते, काही थोड्या लेकरांना गाईच्या दुधातलं प्रथिन सोसत नाही, घरात बिडी-सिगारेट असेल तर त्रास वाढतो. यात तुमच्या दुधाचा दोष कुठंच नाही.

दूध पुरतंय का हे रडण्यावरून ठरवायचंच नाही, लंगोटावरून अन् वजनावरून ठरवायचं. दिवसातून सहा-सात वेळा लघवी होत असेल आणि दिवसाला साधारण 20 ते 30 ग्रॅम वजन वाढत असेल तर दूध भरपूर आहे, वरचं कशाला? आशाताई 42व्या दिवशी घरी येतात, त्यांच्याकडून वजन करून घ्या अन् तो आकडा सासूबाईंना फोनवर सांगा, त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा ते बरं. वांग्याचं म्हणाल तर खा. बाळंतिणीला पाणी मोजून द्यायची पद्धत आपल्याकडं अजून आहे, ती मला अजिबात पटत नाही, त्यातून उन्हाळा असेल तर विचारूच नका. तहान लागंल तेवढं प्या. फक्त लेकराच्या शीत रक्त दिसलं किंवा अंगावर खरुजेसारखं सारखं उठत असेल तर डॉक्टरांना विचारून तुमच्या खाण्यातलं दूध-दही काही दिवस बंद करून बघता येतं.

आता सहा वाजता करायचं काय. रडायच्या आधीच, साडेपाचला, खोलीतला मोठा लाईट बंद, टीव्ही बंद, बघायला आलेली माणसं बाहेरच्या खोलीत. पाजून झालं की खांद्यावर घेऊन ढेकर काढा. मग लेकराला हातावर पालथं घ्या, पोट तुमच्या हातावर, डोकं कोपराशी, अन् घरात फेऱ्या मारा, बऱ्याच लेकरांना हे आवडतं. उघड्या छातीशी धरणं, कूलरचा एकसुरी आवाज (हवा अंगावर नको), पोटावर घड्याळाच्या दिशेनं हलका हात, पाय सायकलसारखे हलवणं, सगळं करून बघा पण एकामागून एक घाईनं नको, एका गोष्टीला पाच-दहा मिनिटं द्या. झोपलं की मात्र उताणंच ठेवायचं. अन् काही दिवस कशानंच थांबणार नाही, तेव्हा तुमच्या आईकडं लेकरू द्या अन् अंगणात जाऊन बसा. घरात कुणी नसेल अन् डोकं फिरायला लागलं तर लेकरू उताणं अंथरुणावर ठेवून दाराबाहेर जा, पाच मिनिटं रडल्यानं काही होत नाही, पण रागाच्या भरात लेकराला गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होतो. हे घरातल्या बापमाणसांना पण सांगा.

एक तपासणी मात्र आजच करा. कपडे काढून हातापायाची बोटं बघा, केस गुंडाळला गेलाय का, करगोटा किंवा मनगटाचा काळा दोरा रुतायलाय का, जांघेत फुगवटा आहे का. ताप 100.4 किंवा वर, हिरवी उलटी, शीत रक्त, पोट टम्म, टाळू फुगलेली, दूध ओढंना, अंग ढिलं पडलंय, रडणं एकदम बारीक झालंय, यातलं काही असेल तर ते कॉलिक नाही, सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा, गाडी नसेल तर 108.

प्रश्न : आमच्या वेळी गुटी उगाळून दिली की लेकरं गप झोपायची. सूनबाई देऊ देत नाही, मग ग्राइप वॉटर तरी द्यावं का?
— एक आजी, अंबाजोगाई

उत्तर : आजी, सूनबाईंचं बरोबर आहे. सहा महिने आईचं दूध सोडून काहीच नको, पाणीसुद्धा नाही, मग ग्राइप वॉटर कुठून आलं. ते इंग्लंडात 1851 मध्ये निघालं, आधी त्यात दारूचा अंश असायचा, म्हणूनच लेकरं गुंगायची, आता तो काढलाय अन् उरलंय ते शेपा-सोड्याचं गोड पाणी. गुटीत वेखंड, जायफळ किती उतरलं याला मापच नसतं, जास्त झालं की लेकरू सुस्तावतं, त्यालाच आपण गप झोपलं म्हणतो. सहाणेवरचे जंतू पोटात जातात ते वेगळंच. मध तर वर्ष होईपर्यंत चाटवायचाच नाही, त्यातून होणाऱ्या विषबाधेनं लेकराचं अंग लुळं पडतं. बिब्ब्याचे ठिपके देऊ नका, कातडी भाजते. ओव्याची धुरी पण नको, धुरानं छाती भरते. बेंबीच्या बाजूला हिंगाचा पातळ लेप लावायचाच असेल तर नाळ पडून जागा पूर्ण सुकल्यावर लावा, पोटात मात्र देऊ नका. अन् संध्याकाळी तासभर लेकरू तुमच्याकडं घ्या, तेवढ्यात सूनबाई जेवून घेतील.