चॅनेलमध्ये तळाखाली दीड मीटर पाणी असलं, तरी पायलट (बंदरात जहाजाला वाट दाखवणारा) भरतीसाठी का थांबतो?

चार्टवर खोली 13.5 मीटर, जहाजाचा ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखाली बुडालेल्या भागाची खोली, 12 मीटर. मग भरतीसाठी थांबायचं आणि एवढं हळू जायचं कशाला, असं तुम्ही विचारलंय.

तो दीड मीटर जहाज उभं असतानाचा. जहाज चालू लागलं की तळाखालचं पाणी वेगाने मागे सरतं, दाब घटतो आणि जहाज खाली बसतं. हाच स्क्वॉट. अरुंद चॅनेलसाठी बॅरस यांचा ढोबळ हिशेब असा: ब्लॉक कोइफिशंट (जहाजाचा पाण्याखालचा भाग ठोकळ्याच्या आकाराच्या किती जवळ आहे तो आकडा) गुणिले नॉटमधल्या वेगाचा वर्ग, भागिले 50. भरलेल्या बल्क कॅरिअरसाठी (सुटा माल नेणाऱ्या जहाजासाठी) कोइफिशंट 0.8 धरा. 10 नॉटला उत्तर येतं 1.6 मीटर, म्हणजे जहाज टेकलंच! 6 नॉटला तेच जेमतेम 0.6. शिवाय 32 मीटर रुंद जहाज 2 अंश कललं तरी एक बाजू अर्ध्या मीटरहून जास्त खाली जाते. ड्रेजर (गाळ उपसणारं जहाज) गेला की गाळ पुन्हा साचू लागतो, म्हणून बंदराचा सर्वात ताजा सर्व्हे मागून घ्या. भरतीचं पाणी या सगळ्यासाठी लागतं.

पण वेग फार पाडला तर सुकाणू ऐकत नाही, आणि आडवा वारा जहाजाला ढकलतो. मग नाळ (जहाजाचं पुढचं टोक) वाऱ्याकडे ठेवून तिरकं चालावं लागतं. 200 मीटर लांबीचं तेच जहाज 5 अंश तिरकं चाललं तर जवळजवळ 50 मीटर रुंदी व्यापतं. माझ्या मते खरं कसब इथेच लागतं. सुकाणू हवं तेव्हा इंजिनाला क्षणभर जोर द्यायचा आणि जहाजाने वेग धरण्याआधी तो काढून घ्यायचा.

काठाजवळ गेलात तर मागची बाजू काठाकडे खेचली जाते आणि नाळ पलीकडे फेकली जाते. अशा वेळी सुकाणू जवळच्या काठाकडेच द्यावं लागतं. नवख्याला ते उलटं वाटतं, म्हणून सुकाणूवरच्या माणसाला आधीच सांगून ठेवा.

बोये (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा) साखळीवर सरकतात; लीडिंग लाइट, म्हणजे एकामागे एक दिसले की तुम्ही योग्य रेषेवर आहात असं सांगणारे दोन दिवे, असतील तर त्यांच्यावर भिस्त ठेवा. मागचा दिवा पुढच्याच्या उजवीकडे दिसला, तर तुम्ही रेषेच्या उजवीकडे आहात.

आणि परत फिरता येईल अशी शेवटची जागा कोणती, हे पायलट चढताच त्याच्याशी बोलून ठरवा. टग (जहाज ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या बोटी) तिथे पोहोचलेले नसतील, तर पुढे जाऊ नका.