पोटगी वेगळी, भेट वेगळी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यातला संताप बाजूला ठेवला तर दोन प्रश्न उरतात. दर महिन्याला मुलीच्या पोटगीचे एवढे पैसे मोजायचे आणि मुलगी मात्र महिन्यातून दोन शनिवारी चार तास भेटणार, हा कुठला न्याय? आणि भेट टाळली जात असेल तर पुढच्या महिन्यापासून पैसे थांबवले तर काय बिघडेल? दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते तुंबवून ठेवण्यासारखं नाही. थांबवू नकोस. एक हप्तासुद्धा नको.

कायदा देशागणिक बदलतो, पण या बाबतीत बहुतेक सगळीकडची न्यायालयं एकच धोरण ठेवतात: पोटगी हा एक विषय, भेट हा दुसरा. आईने भेट अडवली तर आदेशाची अंमलबजावणी मागायची. बापाने पैसे अडवले तर वसुली होते, अनेक ठिकाणी थेट पगारातून. 'तिने भेटू दिलं नाही म्हणून मी भरले नाहीत' हा बचाव टिकत नाही. आणि हे उलट बाजूनेही तितकंच खरं आहे. तुझे पैसे थकले म्हणून तिला मुलगी अडवता येत नाही. हे तुझ्या वकिलाने तुला सांगितलं असेलच. नसेल तर वकिलाबद्दल विचार कर.

मी इतकी वर्षं मध्यस्थीच्या टेबलावर बसतोय. पैसे थांबवणाऱ्या बापाचं तिथे काय होतं, ते सांगतो. त्याची तक्रार खरी असते. भेटी सलग हुकलेल्या असतात, निरोपांचे पुरावे त्याच्या फोनमध्ये असतात. पण बोलणं सुरू होतं ते 'थकबाकी किती?' इथून, आणि मग तिथेच अडकतं. ज्या दिवशी समोरच्या बाजूला उत्तरं द्यावी लागली असती, त्या दिवशी तोच उत्तरं देत बसतो.

आता पहिला प्रश्न. तू लिहिलंयस, 'मी तिच्या खात्यात पैसे टाकतो आणि ती ते कुठे खर्च करते, याचा हिशेब मला कोणी देत नाही.' तू स्वतः केलेला हिशेबही जोडला आहेस: शाळेची फी, कपडे, वह्या-पुस्तकं, डॉक्टर. बेरीज पोटगीच्या निम्म्यावर येते आणि उरलेलं कुठे जातं, असं तू विचारतोस. हा कागद माझ्यासमोर पुष्कळ बापांनी ठेवलाय, आणि प्रत्येक वेळी त्यात त्याच गोष्टी गळालेल्या असतात. एका खोलीत भागलं असतं तिथे दोन खोल्यांचं भाडं. शाळा जवळ पडावी म्हणून घेतलेलं महागडं घर. मुलीला ताप आला म्हणून खर्ची पडलेली रजा. संध्याकाळी सहाला घरी पोचायचं असतं म्हणून नाकारलेली बढती. यातल्या कशाचीच पावती मिळत नाही. मूल वाढवण्याचा मोठा खर्च मुलाच्या नावावर पडतच नाही, तो घराच्या नावावर पडतो.

आकडा ठरतो कसा, हेही एकदा नीट समजून घे. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत विचार असा करतात: हे दोघं एकाच घरात राहत असते तर मुलावर किती खर्च केला असता? तो अंदाज काढायचा आणि दोघांच्या उत्पन्नाच्या प्रमाणात वाटायचा. तुझा वाटा पोटगी म्हणून दिसतो. तिचा वाटा कुठल्याच खात्यातून जात नाही, कारण मूल तिच्याकडे असल्यामुळे ती तो रोज खर्चच करते आहे, असं धरलेलं असतं. म्हणून 'मी एकटाच भरतो' असं तुला वाटतं. टेक्सासची पद्धत वेगळी. तिथे ढोबळमानाने बापाच्या निव्वळ उत्पन्नाच्या 20 टक्के एका मुलासाठी आणि 25 टक्के दोघांसाठी. डेलावेअरमध्ये आधी आईबापांच्या स्वतःच्या किमान गरजेपुरतं बाजूला काढतात आणि मग मुलाचं बघतात. मला ही पद्धत जास्त माणुसकीची वाटते. कर्जात बुडालेला बाप मुलाच्या फारसा कामाचा नसतो. भारतात असं ठरीव सूत्र नाही, न्यायाधीश दोघांची परिस्थिती बघून रक्कम ठरवतात. मात्र 2020 मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र बंधनकारक केलं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असं सांगितलं. आई कमावती असेल तर तिचाही वाटा धरला जातो, हेही तिथल्या न्यायालयांनी मान्य केलेलं आहे. तेव्हा तिचं उत्पन्न लपवलेलं आहे असं तुला वाटत असेल तर ते कागदावर मांड. फोनवर भांडून ते बाहेर येणार नाही.

ब्रिटनमध्ये सगळ्यात रोखठोक मामला आहे, आणि त्यातच मला एक खोट दिसते. तिथे मूलभूत दराने एका मुलासाठी आठवड्याच्या एकूण, म्हणजे कर कापण्याआधीच्या, उत्पन्नाच्या 12 टक्के, दोघांसाठी 16, तीन किंवा जास्त असतील तर 19. पुढे मूल बापाकडे वर्षातून किती रात्री झोपतं ते मोजतात. 52 रात्रींपासून रकमेत सातव्या हिश्श्याची सूट सुरू होते आणि रात्री वाढतील तशी ती टप्प्याटप्प्याने वाढते. कल्पना वाजवी आहे, कारण मूल तुझ्याकडे असेल तर खर्चही तुझ्याकडे होतो. पण पोटगी आणि भेट वेगळी म्हणणारा कायदाच इथे दोन्ही एका दोरीत बांधतो. मग एकाला एक्कावन्नावर थांबायचं असतं, दुसऱ्याला बावन्नावर पोचायचं असतं, आणि मुलगी आजीकडे झोपली ती रात्र कुणाच्या खात्यात धरायची यावर वाद होतो. तुझ्याकडे असा नियम असो वा नसो, जास्त रात्री मागशील तेव्हा आधी स्वतःला विचार, पैशात सूट मिळाली नसती तरी मागितल्या असत्या का? हो असेल तर तसंच लिहून दे: रात्री वाढवा, रक्कम तूर्त आहे तीच राहू द्या. असं लेखी देणारा बाप मी क्वचित पाहिलाय, आणि त्याच्या मागणीकडे समोरच्या वकिलालाही संशयाने बघता येत नाही.

बुटांची एक जोडी डोक्यातून जात नाही. एका बापाने मुलाला भारीतले खेळाचे बूट घेतले. भेट संपली की दाराशी तो ते काढून घ्यायचा आणि मुलगा जुन्या चपला घालून आईकडे परत जायचा. 'माझ्या पैशाचे बूट माझ्या घरी राहतील' हे त्याचं म्हणणं, आणि तर्काने ते चुकीचंही नव्हतं. पोटगीत कपडे धरलेले होते, बूट वरचे होते. मुलगा नऊ वर्षांचा. पुढे पुढे तो दाराशी यायच्या आधीच, कुणी न सांगता, लेस सोडून बसायचा. बापाला अजूनही वाटत होतं की तो आपल्या हक्कासाठी लढतोय. तुझ्या पत्रात तू विकत घेतलेल्या सायकलीबद्दल जे लिहिलंयस, त्यावरून मला हे आठवलं. सायकल तिच्याकडे जाऊ दे.

बापाच्या हक्कांबद्दल बोलायला मला संकोच नाही. पण त्यांचा इतिहास माहीत असलेला बरा. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मुलांवर सगळा हक्क बापाचाच होता, आईला भेटायचाही नव्हता. कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेची तिन्ही मुलं नवऱ्याने काढून नेली. तिने लेखणी हातात घेतली, आणि 1839 मध्ये कायदा झाला तेव्हा कुठे आयांना सात वर्षांखालच्या मुलांचा ताबा मागता येऊ लागला. पुढे 'लहान मूल आईकडेच' हा कल रुजला आणि बाप बाजूला पडला. भारताच्या 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात बाप नैसर्गिक पालक आहे, पण पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, असं एकाच कलमात लिहिलंय. म्हणजे आधी एका बाजूला झुकलेला तराजू नंतर दुसऱ्या बाजूला झुकला, आणि दोन्ही वेळा मोठ्यांचाच हिशेब चालू होता. 1989 च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात भाषा बदलली. त्याच्या नवव्या कलमात आईवडिलांपासून वेगळं झालेल्या मुलाचा दोघांशीही नियमित संबंध ठेवण्याचा हक्क आहे, मुलाच्या हिताला बाधा येत नसेल तर. सत्ताविसाव्या कलमात मुलाचा निर्वाहखर्च वसूल करून देण्याची जबाबदारी सरकारांवर टाकली आहे. दोन्ही कलमांत हक्कदार एकच आहे. तू 'मला माझी मुलगी भेटली पाहिजे' असा अर्ज करतोस. तोच अर्ज 'तिला तिचा बाप नियमित मिळाला पाहिजे' असा केलास तर मागणी तीच राहते, पण ती नाकारणं जड जातं.

आणि मागणी मोघम नको. 'पुरेसा वेळ' म्हणजे काहीच नाही. कुठल्या दिवशी, किती वाजता, कोण सोडणार, कोण आणणार, सुट्ट्या कशा वाटणार, मधल्या दिवसांत फोन किती वाजता, ती आजारी पडली तर भेट कधी भरून निघणार, शाळेचे आणि डॉक्टरांचे कागद तुला परस्पर मिळणार का, हे सगळं लिही. बुधवारची संध्याकाळ माग. शनिवारी मौजमजा होते. बुधवारी गृहपाठ असतो, डबा विसरलेला असतो, मैत्रिणीशी भांडण झालेलं असतं. अमॅटो आणि गिलब्रेथ यांनी 1999 मध्ये वेगळं राहणाऱ्या बापांवरचे 63 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा नुसत्या भेटींच्या संख्येचा मुलांच्या बरं असण्याशी फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो पोटगी भरण्याशी, जवळिकीशी आणि अभ्यासात लक्ष घालणाऱ्या, नियम लावणाऱ्या, ऐकून घेणाऱ्या बापपणाशी. म्हणून तासांच्या संख्येवर तलवार उपसण्याआधी कुठले तास मागतोयस ते बघ.

न्यायालयं बापांच्या विरोधात आहेत का, असंही तू विचारलंयस. काही ठिकाणी, काही वयांसाठी कल आईकडे आहे, हे वर सांगितलंच. त्याहून जास्त नुकसान उशीर करतो. सहा महिने मूल एका घरात रुळलं की ती घडी मोडायला कुणी तयार होत नाही. त्यामुळे तात्पुरत्या भेटींचा अर्ज लगेच करायचा, मुख्य निकालाची वाट बघत बसायचं नाही. देखरेखीखाली भेट दिली तर अपमान वाटेल, तरी जायचं, वेळेवर जायचं. तुझ्यासारख्यांचे ते गट, जिथे रात्री दोनपर्यंत बायकांना शिव्या चालतात, तिथून मला आजवर एकही चांगला अर्ज लिहून आलेला दिसला नाही.

राहिलं ते नोकरीचं. कंपनीत कपात होणार असं तू शेवटी दोन ओळींत लिहिलंयस, खरं तर ते पहिल्या ओळीत हवं होतं. पगार कमी झाला की आपोआप पोटगी कमी होत नाही. अमेरिकेत तर 1986 पासून साचलेली थकबाकी मागे जाऊन कमी करता येत नाही, कपात फार तर अर्जाच्या तारखेपासून धरतात. इतरत्र नियम इतका कडक नसेल, पण उशिरा आलेल्या अर्जाकडे सगळीकडेच कपाळाला आठ्या घालून बघतात. म्हणून नोकरी जाईल त्याच आठवड्यात रक्कम बदलण्याचा अर्ज कर आणि तोवर जमेल तेवढं भरत राहा. रोखीने देऊ नकोस, बँकेतूनच दे, आणि कशासाठी ते नोंदीत लिही. वरून दिलेल्या भेटवस्तू बऱ्याच ठिकाणी पोटगीत धरत नाहीत.

सुनावणीच्या आधी मला आदेशाची प्रत, मागच्या वर्षभराच्या भरण्यांच्या नोंदी आणि हुकलेल्या भेटींची तारीखवार यादी पाठव. यादीत फक्त तारीख, ठरलेली वेळ आणि काय झालं ते असू दे. मुलीची आई कशी आहे, यावरचं तुझं मत त्यात नको.

तुझा,
काका