वेतनवाढ, पहाटेचे दोन आणि एकटे नकाराचे मत

प्रश्न : अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात स्वतःचे वेतन वाढवून घेणाऱ्या आमदारांना मतदारांनी घरी बसवले, असे वाचनात आले. आपल्याकडे अशी विधेयके बिनबोभाट मंजूर होतात. मग तेथे एवढे काय बिघडले?
— एक वाचक, सांगली

उत्तर : बिघडले ते रकमेपेक्षा रीतीमुळे. ७ जुलै २००५ रोजी पहाटे दोनच्या सुमारास, जाहीर सुनावणी वा चर्चा न होता, आमदारांचे मूळ वार्षिक वेतन ६९,६४७ डॉलरवरून ८१,०५० डॉलरवर नेणारे विधेयक मंजूर झाले. सभागृहातील नेत्यांची वाढ तर ५४ टक्क्यांपर्यंत होती. चालू कार्यकाळात आमदारांना वेतनवाढ घेता येणार नाही, असे त्या राज्याची घटना सांगते. (आपल्या घटनेच्या १९५व्या अनुच्छेदात अशी अट नाही, हा मोठाच फरक.) तरीही वाढीची रक्कम पावती न लागणारा खर्च म्हणून लगेच उचलण्याची पळवाट त्या कायद्यातच ठेवलेली होती, आणि लोक चिडले ते मुख्यतः याच चलाखीवर.

पहिला फटका बसला तो न्यायाधीशांना, कारण वाढ त्यांनाही मिळाली होती आणि पदावर राहण्यासाठी तेथे त्यांना मतदारांचा कौल घ्यावा लागतो. नोव्हेंबर २००५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती रसेल निग्रो असा कौल हरले. त्या न्यायालयाच्या बाबतीत हे प्रथमच घडले. त्यानंतर काही दिवसांतच विधिमंडळाने वाढ रद्द केली. जुलैत प्रतिनिधिगृहातील ११९ सदस्य वाढीच्या बाजूने होते. आता १९७ सदस्य ती रद्द करण्याच्या बाजूने उभे राहिले आणि विरोधात मत पडले ते एकच, डेमोक्रॅटिक पक्षाचे प्रतोद माइक व्हीऑन यांचे.

बीव्हर परगण्यातून १९८४ पासून सतत निवडून आलेले व्हीऑन नोव्हेंबर २००६ मध्ये पराभूत झाले. त्याआधी मे महिन्यातच सिनेटचे रिपब्लिकन नेते रॉबर्ट ज्युबेलिरर आणि चिप ब्राइटबिल पक्षांतर्गत निवडणुकीत पडले होते. व्हीऑन यांचे ते मत अप्रिय असले तरी जुलैतल्या भूमिकेशी सुसंगत होते, असे मला वाटते. रातोरात मत बदलणाऱ्यांबद्दल तेवढेही म्हणता येत नाही. व्हीऑन यांना २०१० मध्ये झालेली शिक्षा मात्र वेगळ्या प्रकरणातील, सरकारी पैशातून प्रचारकामाचे बोनस दिल्याबद्दलची होती.

न्यायाधीशांची वाढ रद्द करणे घटनाबाह्य असल्याचा निकाल २००६ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि त्यांना ती परत मिळाली.